सहा जण, एक शहर: डेट्रॉइट कानाला कुठं लागतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही पंधरा वर्षं पेटीवर साथ करता, खयाल आणि नाट्यसंगीत दोन्हीला. एका मित्रानं तुम्हाला डोनाल्ड बर्ड आणि पेपर अ‍ॅडम्स यांची १९६० सालची 'मोटर सिटी सीन' ही तबकडी ऐकायला दिली आणि सांगितलं, जॅझमधली हार्ड बॉप ही शैली म्हणजे काय ते यात कळेल, शिवाय सहाही वादक अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराचे, म्हणजे एका घराण्याचेच समज. तुम्ही चार वेळा ऐकलीत. ट्रंपेट वेगळा, सॅक्सोफोन वेगळा, पियानो तिसराच. घराणं काही सापडलं नाही. मग तुम्ही विचारता, 'एका शहराचे असण्याला संगीतात खरंच काही अर्थ आहे, की हे नुसतं मुखपृष्ठावर छापायला बरं? आणि अर्थ असेल, तर तो मला ऐकू का येत नाही?'

तुमचा कान अगदी बरोबर आहे. तुम्ही तो चुकीच्या ठिकाणी लावलात, एवढंच. घराणं शोधायचं म्हणून तुम्ही सोलो ऐकलेत, म्हणजे जो पुढे उभा राहून वाजवतो तो. डेट्रॉइट ऐकू येतं ते मागे, साथीत. तुम्ही पेटीवाले आहात म्हणून हे तुम्हाला मी एरवीपेक्षा लवकर समजावू शकेन असं वाटतं.

मी पियानो वाजवतो. अकरा वर्षं मुंबईत हॉटेलांमध्ये रोज संध्याकाळी वाजवलं, आता वीसेक वर्षं पुण्यात शिकवतो. ही तबकडी मी विद्यार्थ्यांना नेहमी ऐकवतो, आणि तुमच्यासारखीच अडचण दर वर्षी दोघा-तिघांना येते.

आधी एक गाठ सोडवू. 'एका शहराचे' म्हणजे तिथे जन्मलेले, असं धरलंत तर हिशेब जमत नाही. बासवर पॉल चेंबर्स आहे. त्याचा जन्म १९३५ चा, पिट्सबर्गचा. आई गेल्यावर तो डेट्रॉइटला आला आणि तिथे वाढला. बॅरिटोन सॅक्सोफोनवाला पेपर अ‍ॅडम्स जन्मला हायलंड पार्कमध्ये, जे जवळजवळ चहूबाजूंनी डेट्रॉइटनं वेढलेलं वेगळं गाव आहे, आणि त्याचं लहानपण गेलं न्यू यॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला. तो डेट्रॉइटला परतला तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा होता. ट्रंपेटवर डोनाल्ड बर्ड, पियानोवर टॉमी फ्लॅनगन, गिटारवर केनी बरेल आणि ड्रम्सवर लुई हेज हे चौघे मात्र तिथलेच. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या, तबकडी निघाली तेव्हा यांतलं कुणीच डेट्रॉइटमध्ये राहत नव्हतं. १९५५-५६ च्या सुमाराला एकेक करून सगळे न्यू यॉर्कला निघून गेले होते. चेंबर्स ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसबरोबर वाजवत होता, हेज आधी होरेस सिल्व्हरकडे आणि मग कॅननबॉल अ‍ॅडर्लीकडे. म्हणजे हे परगावी स्थायिक झालेले गाववाले एकत्र जमलेले आहेत. मुंबईत दोन कोकणी माणसं भेटली, की पहिल्या वाक्यात भाषा कशी बदलते, तसं काहीसं यात आहे.

तेव्हा शहर म्हणजे जन्मगाव नाही, शिकण्याचं गाव. तिथे काय शिकायला मिळत होतं, ते पाहू.

डेट्रॉइट मोटारींचं शहर. फोर्डनं १९१४ मध्ये दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर केली, पुढच्या दशकांत दक्षिणेकडून कृष्णवर्णीय कुटुंबं तिकडे लोटली. कारखान्याचा पगार नियमित होता, त्यामुळे अनेक कामगारांच्या घरी पियानो आला. पण राहायला जागा मिळायची ती शहराच्या मोजक्याच भागांत. बाकीच्या वस्त्यांत त्यांना घर घेऊ देत नसत. या अन्यायाचा एक परिणाम असा झाला, की वादक एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर राहत होते. पूर्वेकडे ब्लॅक बॉटम आणि पॅरडाइज व्हॅली, त्यांच्यामधून जाणारा हेस्टिंग्ज रस्ता, दुतर्फा क्लब, दुकानं, चर्चेस. तो रस्ता आता नाही. त्यावरून क्रायस्लर महामार्ग गेला. पश्चिमेकडे टायरमन रस्त्यावर 'ब्लू बर्ड इन' नावाची जागा होती. सॅक्सोफोनवाला बिली मिचेल याचा वाद्यवृंद तिथे ठरलेला असायचा, त्यात थॅड जोन्स ट्रंपेटवर आणि त्याचा धाकटा भाऊ एल्व्हिन ड्रम्सवर. १९५३-५४ मध्ये माइल्स डेव्हिस काही महिने डेट्रॉइटला येऊन राहिला होता, तोही तिथे वाजवायचा.

आणि शाळा. हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. डेट्रॉइटच्या सरकारी शाळांत तेव्हा संगीताचं शिक्षण फार जोरकस होतं. कॅस टेक या शाळेतून डोनाल्ड बर्ड, पॉल चेंबर्स आणि पुढे रॉन कार्टर बाहेर पडले. हार्पसारख्या वाद्यावर जॅझ वाजवणारी डॉरथी अ‍ॅशबी तिथलीच. मिलर हायस्कूलमधून मिल्ट जॅक्सन आणि केनी बरेल. नॉर्दर्न हायस्कूलमधून फ्लॅनगन. शाळेत नोटेशन वाचायला, वाद्यवृंदात बसायला, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत वाजवायला शिकायचं आणि रात्री क्लबबाहेर उभं राहून आतलं ऐकायचं, असं या पोरांचं चालायचं. चेंबर्स बास गजानंही वाजवतो ना, व्हायोलिनसारखा? ते त्या शिक्षणाचं फळ.

तिसरी जागा म्हणजे बॅरी हॅरिसचं घर. तबकडीवर तो नाही, तरी माझ्या लेखी तिथला सातवा माणूस तोच. जन्म १९२९ चा, पियानोवादक. आई चर्चमध्ये पियानो वाजवायची, पहिले धडे तिचेच. विशीत असताना त्याच्या घरी आसपासची पोरं शिकायला पडीक असायची, समवयस्क वादकही यायचे. चार्ल्स मॅकफर्सन हा सॅक्सोफोनवादक एक आठवण सांगतो: हॅरिसनं एकदा त्याचं शाळेचं प्रगतिपुस्तक पाहिलं, सगळीकडे मध्यम गुण होते. हॅरिस त्याला म्हणाला, की तुला जे संगीत वाजवायचंय ते मध्यम माणसाचं काम नाही. मॅकफर्सन तिथून पुस्तकं वाचायला लागला. हा प्रसंग मी विद्यार्थ्यांना सांगतो, कारण यात गुरूची नजर दिसते; बोटांच्या आधी त्यानं डोकं पाहिलं. हॅरिस १९६० पर्यंत डेट्रॉइटमध्ये राहिला आणि न्यू यॉर्कला गेल्यावरही २०२१ मध्ये मृत्यू येईपर्यंत शिकवत राहिला.

तो काय शिकवायचा, त्यातली एकच गोष्ट तुम्हाला पेटीवर करून बघता येईल. काळी एक किंवा सफेद एक, तुमचा सा जो असेल तो धरा. शुद्ध स्वरांचं सप्तक घ्या आणि पंचम आणि शुद्ध धैवत यांच्यामध्ये कोमल धैवतही ठेवा. सात स्वरांचे आठ झाले. आता चार मात्रांत, मात्रेला दोन याप्रमाणे, सरळ चढत जा: सारे, गम, प आणि कोमल ध, शुद्ध ध आणि नी. मात्रेवर कोणते स्वर पडले बघा. सा, ग, प आणि शुद्ध ध. मात्रांच्या मधे पडले रे, म, कोमल ध आणि नी. पहिले चार स्वर एकत्र दाबा: ती घरची कॉर्ड, विसावलेली. दुसरे चार एकत्र दाबा: ती कॉर्ड अस्वस्थ आहे, घरी ओढते. म्हणजे नुसतं सरळ चढताना ठोक्यावर घर, मधे ओढ, ठोक्यावर घर, मधे ओढ असं आपोआप घडतं. कितीही सप्तकं चढा-उतरा, हिशेब मोडत नाही. हेच सातच स्वरांनी करून बघा. वरचा सा चौथ्या मात्रेच्या मधे येऊन पडतो आणि पुढे सगळं उलटंपालटं होतं.

दोन्ही धैवत शेजारी घेतले म्हणून तुमच्या मनाला खटकेल. पण कोमल धैवतावर इथे थांबायचं नसतं, त्याच्यावरून चालत जायचं असतं.

हॅरिसनं ही मांडणी आयुष्यभर घासूनपुसून पक्की केली. त्यामुळे १९५० च्या सुमाराला या सहा जणांनी ती अशीच पाठ केली होती, असा माझा दावा नाही. पण यामागची शिस्त, म्हणजे कोणता स्वर ठोक्यावर ठेवायचा आणि कोणता मधे सोडायचा याचं भान, त्या शहरातल्या वादकांत विलक्षण पक्कं आहे. फ्लॅनगनचा पियानो ऐका. तो कधी ओरडत नाही, झपाटा दाखवत नाही, पण ओळ कितीही लांब गेली तरी तिचा पाय घसरत नाही. सॉनी रॉलिन्सच्या १९५६ च्या 'सॅक्सोफोन कोलोसस'वर तोच आहे, जॉन कोल्ट्रेनच्या १९५९ च्या 'जायंट स्टेप्स'वरही तोच, आणि तिथे बासला चेंबर्स. पुढे बरीच वर्षं एला फिट्झजेराल्ड यांच्या साथीला. न्यू यॉर्कच्या मोठ्या माणसांना कठीण प्रसंगी साथीला डेट्रॉइटचे लोक का लागत होते, याचं उत्तर मला यात दिसतं.

आता तुमच्या मित्रानं म्हटलं ते हार्ड बॉप म्हणजे काय, ते सांगतो. फार ताणत नाही. चाळीसच्या दशकातला बीबॉप म्हणजे वेगवान, गुंतागुंतीच्या कॉर्डवर धावणारी ओळ. पन्नाशीच्या मध्यावर आर्ट ब्लेकी, होरेस सिल्व्हर यांनी त्याच भाषेत ब्लूज आणि चर्चमधल्या भजनांचं वजन परत आणलं, ठेका जाड केला, धुना गुणगुणता येतील अशा केल्या. तुमच्या मित्रानं घराण्याची तुलना केली म्हणून सांगतो: हार्ड बॉपची सगळ्यांत प्रसिद्ध तबकडी, ब्लेकीची १९५८ ची 'मोनिन', तिच्यावर ब्लेकी स्वतः पिट्सबर्गचा आणि उरलेले चौघे, म्हणजे ली मॉर्गन, बेनी गोल्सन, बॉबी टिमन्स आणि जिमी मेरिट, फिलाडेल्फियाचे. मेम्फिसच्या मुलांची १९५९ ची 'डाउन होम रियुनियन' नावाची तबकडीही आहे. तिन्ही ऐकल्यात तर तीन शहरांचा पोत वेगळा लागतो. फिलाडेल्फियाचे लोक आग लावतात. डेट्रॉइटची धग आत असते, आणि मला वैयक्तिक विचाराल तर तीच जास्त काळ टिकते. यावर माझे ड्रमवादक मित्र माझ्याशी भांडतात.

पण याला 'घराणं' म्हणावं का? माझं मत, नको. घराण्यात गळ्याचा लगाव, आलापीची पद्धत, तानेची जात वारशानं येते. किराण्याचा गायक दोन मिनिटांत ओळखू येतो. बर्ड आणि अ‍ॅडम्स यांना शेजारी उभं करून पाहा. बर्डचा ट्रंपेट गोल, उजळ, विनयशील. अ‍ॅडम्सला लोक 'चाकू' म्हणत. बॅरिटोन सॅक्सोफोन हे अवजड, खर्जातलं वाद्य. तो ते असं वाजवायचा, की प्रत्येक स्वराला धार. दोघांच्या गायकीत, म्हणजे वादनाच्या ढंगात, काही साम्य नाही. तरी १९५८ ते ६१ दोघं जोडीनं फिरले, जोडीनं ध्वनिमुद्रणं केली. एकाच्या तालमीत तयार झालेल्या दोघांचा आवाज सारखा असतो, असं घराण्यात आपण मानतो. इथे आवाज सारखा नाही, ऐकण्याची सवय सारखी आहे.

तुमच्या कानाला हीच गोष्ट दाखवायची आहे, म्हणून माझ्या कामातला एक प्रसंग सांगतो.

मुंबईत मी नवा असताना एका हॉटेलात आमच्या चौकडीत गिटारवादक आला. पियानो आणि गिटार दोन्ही कॉर्ड देणारी वाद्यं. पहिल्या संध्याकाळी सॅक्सोफोनवाला सोलो घेत होता आणि मागे आम्ही दोघं मनापासून साथ करत होतो. त्याचा सोलो मधेच आखडत होता, आणि मला कारण कळत नव्हतं. बासवर एक वयस्क गोवेकर होते. मध्यंतरात त्यांनी मला पियानोपाशी नेलं, एक कॉर्ड वाजवायला लावली, त्याच वेळी गिटारवाल्याला त्याची. तुमच्या भाषेत सांगायचं तर सा हे घर धरून पंचमावर उभी राहिलेली कॉर्ड. त्यावर मी कोमल धैवताचा रंग देत होतो, तो शुद्ध धैवताचा. एकामागून एक आले तर हेच दोन स्वर वाट होतात, वर पेटीवर करून पाहिलंत तसं. एका क्षणी दोन माणसांनी वाजवले, की सॅक्सोफोनवाल्याच्या पायाखाली भोक. बासवाले म्हणाले, 'पुढच्या गाण्याला एक अख्खं आवर्तन हात मांडीवर ठेव आणि तो काय वाजवतो ते ऐक.' मी ठेवले. सोलो सुटला. त्या दिवसापासून साथीत न वाजवणं हा माझ्या वाजवण्याचा भाग झाला.

ते बासवाले शिकले होते गोव्यात, गावच्या चर्चच्या शाळेत, जिथे लहानपणीच सोल्फा आणि नोटेशन वाचायला लावत. मुंबईत आले ते धोबीतलावच्या कुडीत, गावकऱ्यांच्या त्या खोल्यांत, जिथे एका कॉटवर व्हायोलिन आणि शेजारच्या कॉटवर ट्रंपेट असायचा. चिक चॉकलेट यांच्यासारखे गोव्याचे वादक मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवायचे आणि दिवसा चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणाला जायचे, ते याच पिढ्यांतले. कुणालाही कुणाशेजारी बसवा, पहिल्याच वाचनात जमायचं. एका गावचं असणं संगीतात काय करतं ते मला डेट्रॉइट कळण्याआधी त्यांच्यामुळे कळलं होतं.

आता तबकडीकडे या. 'मोटर सिटी सीन'वर फ्लॅनगनचा पियानो आणि बरेलची गिटार दोन्ही आहेत, म्हणजे माझ्या हॉटेलातलीच अडचण. पुढे ट्रंपेट वरच्या पट्टीत, बॅरिटोन खाली, आणि दोघांच्या मधे मोठी मोकळी जागा. तिथे कोण शिरतं, कधी शिरतं आणि कधी बाजूला सरतं, हे ऐका. तुम्ही गायकाच्या साथीला बसता तेव्हा त्याची तान अर्ध्यात असताना भरता का? त्यानं श्वास घेतला, की चार स्वर देता, आणि त्याचा मुखडा जवळ आला, की बोटं हलकी करता. ज्याच्याबरोबर दहा वर्षं बसलात त्याचा श्वास कधी येणार, हे तुम्हाला आधी कळतं. फ्लॅनगन आणि बरेल यांना एकमेकांचा श्वास पोरवयापासून माहीत आहे.

ऐकायची पद्धत तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, म्हणून काही गोष्टी आधी विचारतो. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकता का? तसं असेल तर चेंबर्स तुम्हाला ऐकूच आलेला नाही, आणि तो नसेल तर तबकडीचा पाया नाही. साधे हेडफोन तरी घ्या. काम करता करता मागे लावून ठेवता का? लांब सोलो मग नुसती धावपळ वाटणारच. आणि तुम्हाला कॉर्डची चक्रं माहीत आहेत का? नसतील तरी बिघडत नाही, पण मग सुरुवात दुसऱ्या गाण्यानं करावी लागेल.

माझ्या मते तुम्ही सुरुवात 'स्टारडस्ट'पासून करा. होगी कारमायकल यांची १९२७ ची ही धून. तबकडीवर ऐकण्याआधी नॅट किंग कोल यांनी गायलेली आठवडाभर ऐका, इतकी की अंघोळ करताना तुमच्या तोंडात येईल. आपण बडा खयाल ऐकताना बंदिश माहीत असली, की विस्तारात कुठे आहोत ते कळतं, तसंच हे. गाण्याचं मुख्य अंग बत्तीस मापांचं आवर्तन आहे, चार तुकड्यांचं. पहिला आणि तिसरा तुकडा सारखे, दुसरा आणि चौथा वेगळे. सोलो सुरू झाला, की मनात मूळ धून चालू ठेवायची, थांबवायची नाही. तिसऱ्या तुकड्याच्या सुरुवातीला धून परत पहिल्या जागी येते, ती जागा पकडा. बर्ड तिथे काय करतो ते बघा. दोन-तीनदा केलंत, की सोलो तुम्हाला लांब वाटणार नाही.

त्यानंतर 'बिटी डिटी'. ही थॅड जोन्सची रचना. थॅड पाँटिॲकचा, डेट्रॉइटपासून थोड्याच अंतरावरचं गाव, आणि ब्लू बर्डमध्ये रोजचा. धून लहान मुलाच्या गाण्यासारखी वाटते आणि खालच्या कॉर्ड मात्र अपेक्षा नसते तिथे वळतात. माइल्स डेव्हिसनं १९५५ मध्ये ही वाजवली होती, तेव्हा सोबत डेट्रॉइटचाच मिल्ट जॅक्सन होता. मी हे गाणं चांगल्या तयारीच्या विद्यार्थ्यांना दिलं, की ते पहिल्या वेळी हमखास वळणावर पडतात. या तबकडीवर ते सगळे त्यावर असे चालतात, जसे आपण आपल्या वाड्याच्या जिन्यावरून अंधारात चढतो. गावच्या माणसाची धून आहे, तिची प्रत्येक पायरी पायाला माहीत.

'फिल्सन' आणि 'लिबेचिओ' या दोन्ही अ‍ॅडम्सच्या रचना. 'ट्रायो' एरोल गार्नरची, आणि गार्नर पिट्सबर्गचा, म्हणजे चेंबर्सच्या जन्मगावचा. योगायोग असेल, पण मला तो आवडतो. या तिघींना तुमच्या कानानं जा, मी काही सांगत नाही.

एक काम मात्र नक्की करा. एखादं गाणं फक्त बाससाठी ऐका, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, बाकी कुणाकडे लक्ष न देता. चेंबर्सचे चार ठोके तबल्याच्या ठेक्यासारखे धरून ठेवा. मग त्याच्यावर हेजची राइड सिंबल, म्हणजे ठेका धरून ठेवणारी मोठी झांज, कशी बसते बघा. बास आणि सिंबल यांत फट राहिली तर सगळा वाद्यवृंद डळमळतो. या दोघांत ती फट शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे. कोल्ट्रेननं 'जायंट स्टेप्स'वरच्या एका रचनेला चेंबर्सची आद्याक्षरं दिली, 'मिस्टर पी. सी.', ती उगाच नाही. हा माणूस १९६९ च्या जानेवारीत गेला, तेव्हा अवघा तेहतीस वर्षांचा होता. 'काइंड ऑफ ब्लू'वरचा बासही त्याचाच, तुम्ही तो बहुधा आधीच ऐकलेला असेल.

तेव्हा तुमच्या मूळ प्रश्नाला परत येतो: एका शहराचे असण्यानं त्यांचा सूर सारखा झाला नाही, पण एकमेकांना जागा देण्याचा हिशेब सारखा झाला, आणि तो साथीत ऐकू येतो. सगळ्याच शहरांबद्दल हे खरं असेल असं मी म्हणणार नाही. डेट्रॉइटमध्ये शाळा, क्लब आणि हॅरिससारखं घर या तिन्ही गोष्टी चालत जाण्याच्या अंतरावर आणि एकाच वेळी होत्या. यातली एक नसती तर काय झालं असतं, कुणास ठाऊक.

हे पटलं तर पुढे १९५६ ची 'जॅझमेन: डेट्रॉइट' ऐका. तिच्यावर बरेल, अ‍ॅडम्स, फ्लॅनगन आणि चेंबर्स हेच चौघे आहेत, फक्त ड्रम्सवर पिट्सबर्गचा केनी क्लार्क. न्यू यॉर्कला नुकतेच आलेले हे लोक तेव्हा विशी-पंचविशीत होते. दोन तबकड्यांत चार वर्षांचं अंतर आहे. फ्लॅनगन आणि बरेल यांनी मधल्या काळात काय काय वाजवायचं सोडून दिलं, ते दोन्ही लागोपाठ लावून पाहा.

आणि विकत घेताना किंवा शोधताना एक काळजी घ्या. 'मोटर सिटी सीन' याच नावाची आणखी एक तबकडी आहे, थॅड जोन्सची, युनायटेड आर्टिस्ट्सनं काढलेली, १९५९ ची. तिच्यावरही फ्लॅनगन आणि चेंबर्स आहेत, त्यामुळे घोळ सहज होतो. मी वर जिच्याबद्दल लिहिलं ती बर्ड आणि अ‍ॅडम्स यांची, बेथलेहेम कंपनीची. पुढे ती वेगवेगळ्या नावांनीही निघाली आहे. गाण्यांच्या यादीत 'स्टारडस्ट' आणि 'बिटी डिटी' दोन्ही दिसली, की तीच समजा. थॅडची चुकून हाती आली तरी परत करू नका, तीही ठेवा. एल्व्हिन जोन्स ड्रम्सवर आहे.